फ्रेजल व्हर्बची यादी फाडून टाका

दहावीची परीक्षा जवळ आली की शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक कागद हमखास मिळतो. पाठपोट छापलेला. डावीकडे 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर', 'ब्रेक डाउन', 'कॅरी आउट'. उजवीकडे त्यांचे उर्दू नाहीतर मराठी अर्थ. शे-दोनशे नग. वर ठळक अक्षरांत 'इम्पॉर्टंट फ्रेजल व्हर्ब्ज' आणि खाली एकच सूचना, पाठ करा. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये हीच यादी पाचशेची होते, स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये हजाराची होते, आणि फी त्याच हिशेबाने वाढते.

हा कागद फाडून टाकावा असे माझे म्हणणे आहे. आणि हे 'फाडून टाकणे' जरा ध्यानात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी नाही. त्यामुळे 'तुम्ही तुमचा विषय सांभाळा' हे ऐकून घेण्याची सवय आहे. पण माझे म्हणणेच हे आहे की हा विषय माझा आहे. इंग्रजीच्या तासाला ज्या गोष्टीपुढे आमच्या मुली हात टेकतात, ती गोष्ट त्या माझ्या तासाला रोज, न चुकता, न अडखळता करून दाखवतात. त्यांना ते माहीत नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितलेले नाही.

आधी यादीचा गुन्हा काय ते पाहू. मुलीला 'पुट' माहीत आहे, ठेवणे. 'ऑफ' माहीत आहे, पंख्याच्या बटणावर ते लिहिलेले असते. आता यादी सांगते की 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. का? यादीत 'का'ला जागा नसते. मुलगी दोन-तीन वेळा डोके लावते, काही जुळत नाही, मग डोके लावणे सोडते आणि घोकायला लागते. नुकसान इथे होते. एक शब्द आला नाही हे किरकोळ आहे. इंग्रजीला काही तर्कच नसतो, ती समजून घ्यायची चीज नाही, रट्टा मारायची चीज आहे, अशी तिची पक्की समजूत होते, आणि ती आयुष्यभर टिकते.

शिवाय यादी धडधडीत खोटे बोलते. 'मेक अप' म्हणजे भरपाई करणे, एवढेच ती सांगते. पण बुडालेला तास भरून काढणे हेही मेक अप, खोटी गोष्ट रचणे हेही मेक अप, भांडण मिटवून पुन्हा बोलू लागणे हेही मेक अप, आणि लग्नाच्या दिवशी नवरीला बसवून करतात तोही मेकअप. 'टेक ऑफ'चे तसेच. विमान उडते तेव्हा ते टेक ऑफ करते, दारात आपण चपला टेक ऑफ करतो, आणि धंदा अचानक चालायला लागला तरी तो टेक ऑफच. यादीवाला त्यातला एक अर्थ उचलतो, बाकीचे टाकून देतो. मुलगी पुस्तकात दुसऱ्या अर्थाला भेटते आणि तिला वाटते आपलेच पाठांतर कच्चे.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणारी उर्दू शाळेतली मुलगी दहा वर्षे इंग्रजी शिकलेली असते. तिला सांगा, 'वाटेत बस बंद पडली' हे इंग्रजीत म्हण. ती म्हणेल, 'बस बिकेम बॅड'. 'ब्रेक डाउन' तिच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आहे, तिने ते दहा वेळा लिहून काढले आहे, परीक्षेत रिकाम्या जागेत भरलेही आहे. तोंडात मात्र ते येत नाही. आणि गंमत पाहा, हीच मुलगी घरी येऊन म्हणते, 'अम्मी, गाडी ब्रेकडाउन हुई थी, इसलिए देर हुई.' शब्द तिच्या जिभेवर आहे. इंग्रजीच्या तासाला तो तिचा नसतो, इतकेच.

ही अडचण फक्त आपली नाही हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक अपयशाचे खापर मोहल्ल्यावर फोडायची पद्धत आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवले आहे की क्रियापदामागे एखादा छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सर्वात जास्त त्रास तिचाच होतो. तेव्हा या प्रकाराला आजचे नावही नव्हते. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून रूढ झाले, आणि स्मिथ यांनी ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे सांगितले. म्हणजे इंग्रज माणूस शतकानुशतके ही क्रियापदे बोलत होता, नाव मात्र परवा-परवा पडले. त्याने ती कुठल्या कागदावरून पाठ केली असतील?

१९३० साली सी. के. ऑग्डेन यांनी जगाला इंग्रजी सोपी करून देण्यासाठी 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना काढली. फक्त ८५० शब्द, आणि त्यांत क्रियापदे म्हणाल तर अवघी अठरा. कम, गेट, गिव्ह, गो, पुट, टेक अशी. ऐकायला छान वाटते. पण अठरा क्रियापदांत सगळे जग कसे मावणार? मावले ते अप, डाउन, इन, आउट यांच्या जोरावर. 'एंटर' काढले, 'गो इन' आणले. 'पोस्टपोन' काढले, 'पुट ऑफ' आणले. शब्द कमी झाले, अवघड जागा तशीच राहिली, उलट सगळा भार तिच्यावर आला. यादी आखूड करून हा प्रश्न सुटत नाही, लांब करूनही सुटत नाही. मुळात हा यादीचा प्रश्नच नाही.

आता आपल्या घरात या. मराठीत 'काढणे' म्हणजे आतली वस्तू बाहेर घेणे. विहिरीतून पाणी काढतात, कपाटातून कपडे काढतात. मग 'शोधून काढणे' काय आहे? हरवलेली किल्ली शोधून काढली हे समजू शकते, पण चोर कोण ते शोधून काढले, तेव्हा कशातून काय काढले? लपलेले होते ते बाहेर आले. इंग्रजीत याला 'फाइंड आउट' म्हणतात. फाइंड म्हणजे शोध, आउट म्हणजे बाहेर. उर्दूत आपण 'ढूँढ निकालना' म्हणतो, निकालना म्हणजे पुन्हा बाहेर काढणेच. तीन भाषा, एकच चाल. ज्या मुलीला 'ढूँढ निकाला' म्हणताना कधी प्रश्न पडला नाही, तिला 'फाइंड आउट' पाठ करायला सांगणे म्हणजे घरात नळ असताना घागर घेऊन दुसऱ्या गल्लीत पाठवणे.

वर्गात एकदा हा धागा दिला की मुली स्वतःच ओढायला लागतात. 'खाऊन टाक', ईट अप. 'विकून टाकले', सोल्ड ऑफ. 'फेकून दे', थ्रो अवे. 'पळून गेला', रॅन अवे. 'उठून बसला', सॅट अप. 'मागे पडली', फेल बिहाइंड. 'लिहून घे', राइट डाउन. 'उठून दिसते', स्टँड्स आउट. या शेवटच्या जोडीवर मी दरवेळी थांबते. लाल ओढणी गर्दीत उठून दिसते. ओढणी उठत नाही, पण आपण म्हणतो. इंग्रजही म्हणतो, आणि तोही ओढणीला उभी करतो. आणि 'फाडून टाका'? टेअर अप. कागद टाकायचा आहे की नाही हा वेगळा मुद्दा. 'टाक'ने सांगितले ते एवढेच की काम पूर्ण होऊ द्या, मागे काही शिल्लक ठेवू नका. 'अप' तेच सांगतो. युज अप, ड्रिंक अप, क्लीन अप यांत वर काहीच जात नाही. संपते.

'ऑफ' म्हणजे सुटणे, तुटणे, वेगळे होणे. चपला पायापासून सुटतात, विमान जमिनीपासून सुटते, कट-ऑफ लागला की खालची नावे यादीतून तुटतात. मग पुट ऑफ? ठरलेल्या दिवसापासून काम उचलले आणि दूर ठेवले. आपण 'पुढे ढकलले' म्हणतो, उर्दूत 'टाल दिया' म्हणतो. प्रत्येकाने वस्तू जागेवरून हलवली आहे, फक्त हात वेगळा. 'ऑन' म्हणजे चालू राहणे. गो ऑन, रीड ऑन, कॅरी ऑन. आपण 'बोलत राहा', 'वाचत राहा' म्हणतो तिथे ते ऑन लावतात. क्रिकेटमधला फॉलो-ऑन पोरांना चांगला कळतो, एका डावाच्या पाठीला लावून लगेच दुसरा डाव. रनअप कळतो, रनआउट कळतो. मोबाइलमध्ये लॉगिन, लॉगआउट, बॅकअप. दवाखान्यात चेकअप. एवढी पुंजी खिशात असलेल्या पोराला आपण सांगतो की तुला काही येत नाही, हा घे कागद.

उर्दूवाल्यांना तर मी जास्त बोलते, कारण त्यांच्याकडे दौलत जास्त आहे. 'मारना' आणि 'मार डालना' यांतला फरक आमच्या पाच वर्षांच्या पोराला कळतो. 'बोलना' आणि 'बोल पड़ना', 'करना' आणि 'कर बैठना', 'हँसना' आणि 'हँस देना'. 'कर बैठा' म्हटले की कोणी खाली बसत नाही, पण ऐकणाऱ्याला समजते की याने काही भलतेच करून ठेवले आहे आणि आता पस्तावतो आहे. 'ग़ुस्सा पी गया' म्हणताना ना पेला लागतो ना कुठे जाणे होते. मराठीतही तेच, 'तो भलतेच बोलून गेला', आणि बोलणारा समोरच बसलेला असतो. परदेशी माणूस आपल्या भाषा शिकायला येतो तेव्हा याच जागी रडकुंडीला येतो. पीटर हूक नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने हिंदीतल्या या संयुक्त क्रियापदांवर १९७४ साली आख्खे पुस्तक लिहिले. ज्याच्यावर परके लोक पुस्तके लिहितात ते आमच्या पोरांना दूध पिता पिता आलेले असते, आणि आम्ही त्याची किंमत परीक्षेत एक गुण ठेवतो: 'खालील वाक्यातील संयुक्त क्रियापद अधोरेखित करा.' मराठीच्या तासाला अधोरेखित करून झाले, घंटा वाजली, इंग्रजीचा तास सुरू झाला, कागद निघाला. दोन तासांच्या मध्ये एक भिंत आहे. ती आपण शिक्षकांनी बांधली आहे.

भिंतीच्या आणखी थोडे खाली खणले तर काय काय निघते पाहा. सभा 'बरखास्त' होते. हा शब्द फारसी आहे, 'बर' म्हणजे वर, 'ख़ास्त' म्हणजे उठली. नोकरीतून 'बडतर्फ' करतात, मूळ 'बर-तरफ़', बाजूला केलेला. आयात-निर्यातीला उर्दूत 'दरामद-बरामद' म्हणतात. दर म्हणजे आत, आमद म्हणजे येणे. कोणाची चूक 'दरगुज़र' केली, म्हणजे तिच्यावरून पुढे निघून गेलो, माफ केली. इंग्रजही अशा वेळी 'पास ओव्हर' म्हणू शकतो. ही सगळी फारसीची फ्रेजल व्हर्ब्जच आहेत, फक्त छोटा शब्द मागे न लावता पुढे लावलेला. सरकारी मराठीत ती रोज वापरली जातात, आणि वापरणाऱ्याला ती मराठीच वाटतात, तशी ती आहेतही.

संस्कृतचे पाहा. एक 'हृ' धातू घ्या, नेणे. पुढे उपसर्ग बदलत जा: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. जेवण, फेरफटका, घाव, नाश, निवारण, भेट. धातू तोच. असे बावीस उपसर्ग परंपरेने मोजलेले आहेत आणि मराठीच्या शिक्षकांनी ते वर्गात घेतलेले असतात. मदरशात सर्फ-नह्व शिकलेल्या मुलाला विचारा, 'रग़िबा'च्या मागे 'फ़ी' लावले तर काय आणि 'अन' लावले तर काय. तो लगेच सांगेल, पहिल्याचा अर्थ ओढ लागणे, दुसऱ्याचा अर्थ तोंड फिरवणे. क्रियापद एक, मागचा शब्द बदलला, अर्थ उलटा झाला. इंग्रजीत 'लुक आफ्टर' आणि 'लुक डाउन ऑन' यांत नेमके हेच होते. त्या मुलाला आजवर कोणी म्हणाले का, की बेटा, तुला इंग्रजीचा अर्धा रस्ता आधीच माहीत आहे? उलट 'मदरसे का बच्चा, इंग्लिश क्या करेगा' हेच त्याच्या कानावर पडते, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे हे वाक्य बाहेरचे कमी, आपलेच जास्त बोलतात.

इंग्रजीनेही हे छोटे शब्द पुढे लावले आहेत. अपहोल्ड, ओव्हरलुक, विथस्टँड ही त्याचीच उदाहरणे. मराठीत 'मुद्दा उचलून धरला' म्हणतो तेच अपहोल्ड. 'अंडरस्टँड'मध्ये कोणाच्या खाली कोण उभे आहे हे आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेले मी ऐकलेले नाही.

आता त्यांच्याकडे वळते ज्यांचा या सगळ्याला विरोध आहे.

पहिले 'इंग्लिश ओन्ली'वाले. वर्गात आपल्या भाषेतला एक शब्द निघाला की दंड घेणाऱ्या शाळा मला माहीत आहेत. रुपयाचा डबा टेबलावरच असतो. त्यांचा युक्तिवाद असा की मूल इंग्रजीत विचार करू लागले पाहिजे. करू द्या की. पण विचार करायला आधी काही कळावे लागते, आणि 'गिव्ह अप'चा अर्थ 'स्टॉप ट्राइंग' असा इंग्रजीतून सांगितल्याने ज्याला 'ट्राइंग'च धड कळत नाही त्याला काय मिळते? 'हार मान लेना' म्हणा, दोन सेकंदांत कळते. 'मान लेना'तला 'लेना' आणि 'गिव्ह अप'मधला 'गिव्ह' यांची दिशा उलटी आहे, एक घेतो, एक देतो, हे दाखवा, मग ते मूल जन्मभर विसरणार नाही. इंग्रज हत्यार खाली ठेवून दुसऱ्याच्या हवाली करतो, आपण हार स्वतःकडे घेतो. यावर दहा मिनिटे मजेत जातात. दंडाच्या डब्याने ती दहा मिनिटे काढून घेतलेली असतात.

या बाबतीत एक अभ्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. डॅगट आणि लाउफर यांनी १९८५ साली दाखवले की हिब्रू बोलणारे विद्यार्थी इंग्रजीतली फ्रेजल व्हर्ब्ज टाळतात, त्याऐवजी एका शब्दाचे क्रियापद वापरतात. कारण हिब्रूत तशी रचनाच नाही. पुढे १९८९ मध्ये हुल्स्टाइन आणि मार्केना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये अशी क्रियापदे आहेत. ते सरसकट टाळत नव्हते, पण जिथे इंग्रजी क्रियापद आपल्या भाषेशी फारच जुळते तिथे बिचकत होते. जणू इतके सारखे असेल तर काहीतरी चुकतच असणार! मला हा निष्कर्ष वाचून आमचीच मुले आठवली. 'उठून बसला' आणि 'सॅट अप' इतके जवळ आहेत हे त्यांना पटतच नाही. आपल्या भाषेवरून काही बरोबर येऊ शकते यावरचा त्यांचा विश्वास आम्ही मोठ्यांनी पद्धतशीर मोडून ठेवला आहे.

दुसरे, मोहल्ल्यातले पालक. त्यांना दोष देताना मला जड जाते. रिक्षा चालवून, शिलाई करून ते पोराला दोन खोल्यांच्या इंग्लिश मीडियममध्ये घालतात, कारण त्यांना सांगितले गेले आहे की उर्दू शाळेत गेलेले पोर इंग्रजीत मागे राहते. तिथे पोर पहिलीपासून न कळणाऱ्या भाषेत न कळणाऱ्या गोष्टी घोकते. उर्दू लिहिता येत नाही, मराठी वाचता येत नाही, आणि इंग्रजी तर त्या यादीपुरतीच. ज्या संयुक्त क्रियापदांच्या खांद्यावर उभे राहून त्याला इंग्रजी दिसली असती ते खांदेच काढून घेतले. शाळा कुठली निवडायची हा तुमचा अधिकार आहे. पण निवडल्यावर घरी पोराशी इंग्रजीतच बोलायचा अट्टहास तरी करू नका. 'बेटा, कम हिअर, फूड ईट' यापेक्षा 'आ जाओ, खाना खा लो' यात पोराला जास्त इंग्रजी मिळते, कारण 'खा लो'मध्ये 'ईट अप'ची निम्मी समज बसलेली आहे.

तिसरे, भाषेचे अभिमानी, दोन्ही बाजूंचे. उर्दूच्या जलशात उर्दूच्या 'शीरीनी'वर तासभर बोलणारे लोक उर्दूचा उपयोग काय, असे विचारले की गप्प होतात. भाषा नुसती गोड असून पोट भरत नाही; तिने दुसरी भाषा शिकवायला मदत केली तर ती शाळेत टिकेल. आणि मराठीचे काही अभिमानी असे, की ज्यांना आमच्या मुलांच्या मराठीत फक्त चुका ऐकू येतात. आमच्या घरातली दखनी ऐका एकदा. 'अइसाच है', 'वहीच बोला मैं' यातला 'च' मराठीकडून आलेला आहे. हा 'च' मोठा कामाचा आहे. 'खाऊनच टाकले', 'खा ही लिया': क्रियापदाचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये एक छोटा शब्द शिरू शकतो, हे आमच्या मुलांच्या कानाला सवयीचे आहे. 'टर्न ऑफ द फॅन' चालते, 'टर्न द फॅन ऑफ' चालते, पण 'इट' आले की ते मध्येच बसले पाहिजे, 'टर्न इट ऑफ'. हा नियम शिकवताना मी 'च'ची आठवण करून देते. तंतोतंत जुळत नाही, मराठीत कर्म असे मध्ये शिरत नाही. पण तुकडे सुटे होऊ शकतात ही भीती जाते, आणि वर्गात अर्धे काम भीती घालवण्याचेच असते.

तंतोतंत जुळत नाही हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्यावर हा आक्षेप येणारच. 'लुक आफ्टर'मध्ये मध्ये काही शिरत नाही, ते सरळ लक्षात ठेवावे लागते. आमच्या 'लिहून घे' आणि 'लिहून दे' यांत कोणासाठी लिहायचे तेही कळते. इंग्रजीचे 'डाउन' ते सांगत नाही, तिथे आपली भाषा बारीक आहे. काही ठिकाणी अर्थ इतका घासला गेला आहे की मूळ दिसत नाही, तिथे पाठांतर करा, माझी ना नाही. पण ज्याला शंभरातल्या साठांचे कारण समजले तो उरलेले चाळीस हसत पाठ करतो. ज्याला एकाचेही समजले नाही त्याच्यासाठी शंभर म्हणजे शंभर दगड.

आणि आंधळेपणाने जोडत गेले तर काय होते तेही आपल्याकडे दिसते. इंग्रजीत 'कोप विथ' आहे. आपण भारतीय त्यात 'अप' घालतो आणि 'कोप अप विथ' म्हणतो, अगदी मोठमोठ्या पदांवरचे लोक म्हणतात. 'अप' म्हणजे नेट लावून पूर्ण करणे हे आपल्या कानाने बरोबर पकडले आहे, फक्त तिथे इंग्रजाने ते लावलेले नाही. 'मी २००४ ला पास आउट झाले' असे आपण म्हणतो तेव्हा इंग्लंडमधला ऐकणारा घाबरतो, कारण त्याच्याकडे पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणे. तरी याही बाबतीत आपल्याला हसणाऱ्यांना एक सांगावे. लष्करात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला इंग्रजही पासिंग आउटच म्हणतो, खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आउट परेड होतेच. तो शब्द आपण छावणीतून उचलून कॉलेजात आणला. इतकेच.

एक गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकांसाठी. ही क्रियापदे फळ्यावर लिहिण्याआधी तोंडाने म्हणा. 'लुक इट अप'मध्ये जोर 'अप'वर येतो. पण चेकअप हे नाम झाले की जोर 'चेक'वर जातो. यादीला आवाज नसतो, म्हणून यादीवरून शिकलेली मुले हे शब्द एकाच सुरात म्हणतात आणि मुलाखतीत समोरच्याला कळत नाहीत. बी.एड.ला आशययुक्त अध्यापनाचा पेपर आपण सगळ्यांनी लिहिला आहे. त्यातला आशय पाठ टाचणात राहतो आणि वर्गात कागद वाटला जातो.

सध्या नववीच्या वर्गात 'पुट अप विथ'वर वाद चालू आहे. तीन शब्द, आणि 'पुट'ही दिसत नाही, 'अप'ही दिसत नाही. एका मुलीने मराठी सांगितली, 'चालवून घेणे'. दुसरी म्हणाली, छे, 'झेल लेना'. पहिलीचे म्हणणे, सासूचे टोमणे चालवून घेतात, झेलतात ते संकट. दुसरीचे म्हणणे, टोमणे काय संकटापेक्षा कमी असतात का? तिसरीने विचारले, मग 'सह लेना' का नको? चौथीने हिशेब मांडला: चालवून घेणाऱ्याला वाटले तर तो नाही म्हणू शकतो, झेलणाऱ्याला तेवढी मोकळीक नसते, तर मग इंग्रजीत कुठले? कोश आणून तीनही वाक्ये करून बघायचे ठरले आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्यांची वाक्ये सोमवारी येणार आहेत.